६१७४ शोधणारे देवळालीचे मास्तर: द. रा. कापरेकर

वर्सोव्याचा पिनकोड आहे ४०००६१. त्यातल्या सगळ्या अंकांची बेरीज करा: ४ + ० + ० + ० + ६ + १ = ११. आता ही बेरीज मूळ पिनकोडमध्येच मिळवा. उत्तर येतं ४०००७२. हा साकीनाक्याचा पिनकोड! म्हणजे वर्सोव्याहून घाटकोपरकडे जाणाऱ्या मेट्रोत बसल्यावर वाटेत लागणारं साकीनाका या बेरजेतूनही येतं. आणि वर्सोव्यापर्यंत येणारा आकडा कुठला? ४०००५१, म्हणजे वांद्रे पूर्व. त्याच्या अंकांची बेरीज १०; ती मिळवली की ४०००६१.

हा अर्थातच योगायोग आहे. पोस्ट खात्याने असा काही विचार करून पिनकोड दिलेले नाहीत. पण संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची आणि पुढे काय होतं ते बघत बसायचं, हा खेळ एका मराठी माणसाने आयुष्यभर खेळला. त्यातून निघालेल्या गोष्टींवर आजही शोधनिबंध लिहिले जातात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचं नाव.

मला हे नाव पहिल्यांदा भेटलं ते इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॅकररँकवर कोडिंगचा सराव करताना. 'कापरेकर नंबर्स' नावाचा प्रश्न होता. वीसेक ओळींत सुटला, हिरवी खूण आली, मी पुढच्या प्रश्नाकडे गेलो. कापरेकर म्हणजे कोण, कुठले, हे बघायचं सुचलंसुद्धा नाही. हा लेख त्याची थोडी भरपाई.

डहाणू, ठाणे, पुणे

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आज अंधेरीहून डहाणू रोडची लोकल मिळते. चर्चगेटपासून हे अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. पण तेव्हाचं डहाणू म्हणजे समुद्राकाठचं लहानसं गाव. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. दत्तात्रय आठ वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी मुलाला ज्योतिषाची आकडेमोड शिकवली. कुंडली मांडायला गणित फार खोल लागत नाही, पण आकड्यांशी सतत खेळावं लागतं, आणि तो खेळ मुलाला आवडला. भविष्य मागे पडलं, आकडे राहिले.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झालं. तिथे कोडी सोडवण्याचा आणि लांबलचक हिशेबाला छोटी वाट शोधण्याचा नाद पक्का झाला. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. या कॉलेजात गणिताची मोठी परंपरा होती. केंब्रिजमध्ये १८९९ साली पहिले येऊन सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, रँग्लर र. पु. परांजपे, इथले प्राचार्य होते. त्यांच्याच नावाचं, स्वतंत्र गणिती कामासाठीचं पारितोषिक कापरेकरांना १९२७ मध्ये मिळालं. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. पदवी मुंबई विद्यापीठाची, कारण पुण्याला तेव्हा स्वतंत्र विद्यापीठ नव्हतं.

त्यांचं औपचारिक शिक्षण इथेच संपलं. पुढे एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, विद्यापीठातली नोकरी नाही.

देवळालीची शाळा

१९३० मध्ये ते नाशिकजवळ देवळालीला शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. बत्तीस वर्षं एकच गाव. देवळाली म्हणजे लष्करी छावणीचं ठिकाण. गणितावर बोलायला समोर प्राध्यापक नाहीत, परदेशी नियतकालिकं भरलेलं ग्रंथालय नाही. हाताशी कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ.

आपण आज संगणकावर लूप लिहितो आणि एक ते दहा लाख संख्या क्षणात तपासतो. कापरेकरांचा लूप हातानं चालायचा. यामुळेच त्यांनी कुठले प्रश्न निवडले हे समजतं. त्यांनी असे प्रश्न घेतले ज्यांना शाळेतली बेरीज, वजाबाकी, गुणाकार पुरतो. लागते ती फक्त चिकाटी आणि नजर.

आसपासच्या कॉलेजांत त्यांना या विषयावर बोलायला बोलवत. गणिताच्या परिषदांना ते जात आणि आपल्या गमती मांडत. नियतकालिकांत लिहीत, आणि बरंचसं छोट्या पुस्तिकांच्या रूपात स्वतःच छापून घेत. मात्र देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटे. काही जण हसण्यावारी नेत. हे हसणं कितपत योग्य होतं ते आपण पुढे बघू. आधी काम काय होतं ते पाहू.

आनंद देणाऱ्या संख्या

सोप्यापासून सुरू करू. एखाद्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जात असेल, तर कापरेकरांनी तिला नाव दिलं 'हर्षद'. हर्ष म्हणजे आनंद, द म्हणजे देणारी. उदाहरणार्थ १८: अंकांची बेरीज ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. रामानुजनमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ सुद्धा हर्षद आहे: १ + ७ + २ + ९ = १९, आणि १९ × ९१ = १७२९.

मुंबईच्या पिनकोडमध्ये कुलाबा (४००००५), दादर (४०००१४), मंत्रालय (४०००३२) आणि वांद्रे पश्चिम (४०००५०) हे सगळे हर्षद आहेत. चौघांच्याही अंकांची बेरीज ९ येते, आणि बेरीज ९ आली की ९ ने भाग जातोच, हा शाळेतला नियम. वर्सोवा मात्र हर्षद नाही. ४०००६१ ला ११ ने भागलं की बाकी २ उरते.

दिसायला एवढंसं. पण लगेच प्रश्न पडतो: लागोपाठ किती संख्या हर्षद असू शकतात? १ ते १० तर आहेतच, ११ नाही. याचं उत्तर १९९३ मध्ये सिद्ध झालं: जास्तीत जास्त २०. एकवीस कधीच नाही, कितीही पुढे गेलात तरी.

रेल्वे स्टेशनवरच्या संख्या

१ चा वर्ग १. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. चढत जाऊन पुन्हा उतरणाऱ्या या संख्या कापरेकरांच्या 'डेम्लो' संख्यांच्या कुळातल्या. हे नाव कुणा ग्रीक पंडिताचं वाटतं, पण ते आहे एका रेल्वे स्टेशनचं. जुन्या जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या या स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली, आणि ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली, असं सांगितलं जातं. गाडीची वाट बघताना आपण मोबाइल काढतो. त्यांनी संख्यांचं एक कूळ काढलं.

कापरेकर संख्या: तुटून पुन्हा जुळणाऱ्या

हॅकररँकवर मला भेटला तो हा प्रकार. ४५ घ्या. वर्ग २०२५. मधोमध तोडा: २० आणि २५. बेरीज ४५. मूळ संख्या परत आली! ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. ९९ चा वर्ग ९८०१, आणि ९८ + ०१ = ९९. तीन अंकी उदाहरण म्हणजे २९७: वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३.

कोड लिहिताना मी फक्त तोडून बेरीज केली होती. हे का होतं, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि ते अवघड नाही.

२०२५ म्हणजे २० × १०० + २५. शंभरातला एक बाजूला काढला तर २० × ९९ + २० + २५, म्हणजेच २० × ९९ + ४५. म्हणजे ४५ च्या वर्गातून ४५ वजा केले की उरतं ते ९९ च्या पाढ्यातलं. वर्गातून तीच संख्या वजा करणं म्हणजे ४५ × ४४. तर अट एवढीच: ४५ × ४४ ला ९९ ने भाग गेला पाहिजे. ९९ = ९ × ११. आणि ४५, ४४ या शेजारच्या संख्या असल्यामुळे त्यांच्यात १ सोडून एकही सामाईक अवयव नाही. मग ९ आणि ११ ची वाटणी करावी लागते. ४५ नं ९ घेतला, ४४ नं ११. दुसरी वाटणी: ५५ नं ११ घेतला, ५४ नं ९. तिसरी: ९९ नं दोन्ही घेतले. झालं! याच वाटण्यांतून ४५, ५५ आणि ९९ आले.

तीन अंकांसाठी ९९९ = २७ × ३७. २९७ मध्ये २७ आहे, शेजारच्या २९६ मध्ये ३७. ७०३ मध्ये ३७ आहे, ७०२ मध्ये २७. तीच वाटणी.

म्हणजे मोठ्या कापरेकर संख्या शोधायच्या तर ९९९९, ९९९९९ अशा संख्यांचे अवयव माहीत पाहिजेत. २००० साली हा संबंध शोधनिबंधात पूर्णपणे मांडला गेला. मोठ्या संख्येचे अवयव पाडणं सर्वसाधारणपणे फार कठीण असतं, आणि त्याच अडचणीवर आर.एस.ए. नावाची कुलूपबंदी उभी आहे. शाळामास्तरांच्या 'तोडा आणि जोडा' खेळामागे अवयवांची अशी दणकट यंत्रणा होती.

६१७४

आता त्यांचा सगळ्यात गाजलेला शोध. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला, आणि १९५३ मध्ये स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या अमेरिकेतल्या नियतकालिकात तो छापून आला.

कृती अशी:

१. कुठलीही चार अंकी संख्या घ्या. सगळे अंक सारखे नकोत (११११, २२२२ वगैरे चालणार नाही).
२. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा.
३. मोठीतून छोटी वजा करा.
४. आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करा. उत्तर तीनच अंकी आलं तर पुढे शून्य लावून चार अंक करा.

कापरेकरांचं जन्मवर्ष घेऊ, १९०५:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

सातव्या पायरीला ६१७४. आणि पुढे गेलात तरी ७६४१ − १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. तिथून सुटका नाही. दुसरी कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच येऊन पोचता. यालाच जग 'कापरेकर स्थिरांक' म्हणतं.

मी सगळ्या संख्या संगणकावर तपासून पाहिल्या. ०००१ पासून ९९९८ पर्यंत, सारख्या अंकांच्या सोडून, एकूण ९९९० संख्या. सगळ्यात जास्त गर्दी तिसऱ्या पायरीला: २४०० संख्या तीन पायऱ्यांत पोचतात. पूर्ण सात पायऱ्या घेणाऱ्या २१८४. आठ घेणारी एकही नाही. प्रोग्रॅम एका सेकंदाच्या आत संपला. देवळालीत संगणक नव्हता. मग हे हातानं कसं जमावं?

कारण खरं काम दिसतं त्यापेक्षा खूप कमी आहे. चार अंक मोठ्याकडून छोट्याकडे लावले की वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं: पहिला आणि चौथा यांतला फरक, दुसरा आणि तिसरा यांतला फरक. उत्तर = ९९९ × पहिला फरक + ९० × दुसरा फरक. १९०५ चे अंक ९, ५, १, ०. फरक ९ आणि ४. ९९९ × ९ + ९० × ४ = ८९९१ + ३६० = ९३५१. वर आलंय तेच.

पहिला फरक १ ते ९, आणि दुसरा त्याच्याहून मोठा असू शकत नाही. मोजून बघा, अशा जोड्या होतात फक्त ५४. म्हणजे दहा हजार संख्या एका वजाबाकीत ५४ उत्तरांवर येतात. चोपन्न उत्तरं वहीच्या पानावर मावतात. आमच्या भाषेत सांगायचं तर स्टेट स्पेस छोटी झाली की ब्रूट फोर्स पेन्सिलीनंही होतो.

हा खेळ चार अंकांपुरताच का प्रसिद्ध आहे? कारण इतरत्र गोष्ट तितकी नीटस नाही. तीन अंकांत सगळे ४९५ वर येतात. पण दोन अंकांत एका जागी थांबता येत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ असं रिंगण सुरू राहतं. पाच अंकांतही अशी रिंगणंच आहेत. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशी दोन मुक्कामाची ठिकाणं आहेत, आणि वर एक रिंगणही.

जाता जाता: ६ + १ + ७ + ४ = १८, आणि ६१७४ ला १८ ने भागलं की येतात ३४३, म्हणजे सातचा घन. म्हणजे ६१७४ हर्षदसुद्धा आहे.

स्वयंभू संख्या

आता परत पिनकोडच्या खेळाकडे. संख्या + तिच्या अंकांची बेरीज = पुढची संख्या. ज्या संख्येतून दुसरी निघते ती तिची जनक. ४०००६१ चा जनक ४०००५१, त्याचा ४०००३७ (अँटॉप हिल), त्याचा ४०००३० (वरळी), त्याचा ४०००२२ (सायन). सायनहून निघालेला हा धागा वर्सोव्यावरून साकीनाक्याला जातो, आणि पुढच्या दोन बेरजांत भाभा अणुसंशोधन केंद्र (४०००८५) आणि जोगेश्वरी पश्चिम (४००१०२) गाठतो.

कापरेकरांना प्रश्न पडला: अशी संख्या असेल का जिला जनकच नाही? आहे. २० घ्या. १० पासून ११ मिळतात, १५ पासून २१ मिळतात, १९ पासून २९. काहीही करा, २० मिळत नाहीत. अशा संख्यांना त्यांनी स्वतःपासून जन्मलेल्या, म्हणजे स्वयंभू मानलं. देवळाली संख्या असंही त्यांना म्हणतात. १ ते १०० मध्ये अशा तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. त्या कधीच संपत नाहीत हेही सिद्ध झालेलं आहे.

मुंबईत स्वयंभू पिनकोड आहेत का? हो! विलेपार्ले पूर्व, ४०००५७. तपासायला सोपं आहे. ४०००३० ते ४०००३९ मधून विषम संख्या येतात, पण शेवटची ४०००५५. ४०००४० ते ४०००४९ मधून फक्त सम संख्या येतात. ४०००५० पासून पुढे सुरुवातच ४०००५९ ने होते. अलीकडच्या कुठल्याही संख्येची बेरीज इथवर पोचत नाही. मधला ४०००५७ कुणाच्याच वाट्याला येत नाही. पार्लेकरांना हे आधीपासून माहीतच असणार. त्यात अकरा-अकरा मिळवत गेलं तर दहिसर पूर्व (४०००६८) आणि विक्रोळी (४०००७९) हेही स्वयंभू निघतात. पुढे कांदिवली पूर्व (४००१०१) सुद्धा.

१९६३ मध्ये, म्हणजे निवृत्त झाल्यावर पुढच्याच वर्षी, कापरेकरांनी या संख्यांवर पुस्तिका काढली, तीसुद्धा स्वतःच.

हे खरं गणित आहे का?

आता त्या हसण्याकडे येऊ. टीका करणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हे मान्य करायला हवं.

अंक म्हणजे संख्येचं लिखाण. ४५ या संख्येचा ९ ने भाग जाण्याचा गुण तिचा स्वतःचा आहे. ती रोमन लिपीत लिहा, बायनरीत लिहा, गुण तसाच राहतो. पण '४' आणि '५' हे अंक दिसतात ते आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून, आणि दहाच्या पटीत मोजतो ते बोटं दहा आहेत म्हणून. पाया बदलला की ६१७४ चा थाट संपतो. त्यामुळे अंकांचे खेळ म्हणजे संख्येच्या कपड्यांचा अभ्यास, संख्येचा नव्हे, असं त्या गणितज्ञांना वाटत होतं.

पण कापरेकर संख्यांमागची वाटणी आपण वर पाहिली. तिथे कपड्यांखाली अवयव निघाले. पाया बदलला तर ९९ च्या जागी दुसरी संख्या येईल, वाटणीचा नियम मात्र तोच राहील. हे सगळं त्यांनी स्वतः सिद्ध केलं असं नाही. त्यांची शक्ती सिद्धतेत कमी आणि नजरेत जास्त होती. त्यांनी दाखवलं, सिद्ध करायला इतर आले. आणि दाखवणारा नसता तर सिद्ध करायला प्रश्नच नसता.

दुसरी गोष्ट शिक्षकाच्या दृष्टीची. गणितातले बहुतेक नवे प्रश्न समजून घ्यायलाच काही वर्षं जातात. कापरेकरांचा प्रश्न चौथीतल्या मुलालाही समजतो आणि ते मूल त्याच दुपारी स्वतः शोध घेऊ शकतं. बत्तीस वर्षं शाळेत उभं राहिलेल्या माणसाचं हे गणित आहे, आणि ते तसंच दिसतं.

शेवटची वर्षं

१९६२ नंतरचा काळ सोपा नव्हता. १९६६ मध्ये पत्नी वारली. पेन्शनवर भागत नव्हतं. गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन ते खर्च भागवत होते. वय साठीच्या पुढे, आणि संख्यांचा नाद तसाच.

मग मार्च १९७५ आला. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक सायंटिफिक अमेरिकन मासिकात गणिती खेळांचं सदर लिहीत. जगभरचे गणितज्ञ, अभियंते आणि तेव्हा नवीनच तयार होत असलेले प्रोग्रॅमर ते वाचायचे. त्या महिन्याचं सदर कापरेकर आणि त्यांच्या संख्यांवर होतं. देवळालीत छापलेल्या पुस्तिकेतलं गणित एकदम जगापुढे गेलं. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर त्यांच्या कामावर इतर देशांतही लेख येऊ लागले.

१९८६ मध्ये देवळालीतच ते गेले. १९८६ वर त्यांचीच कृती करून बघा: ९८६१ − १६८९ = ८१७२. वर १९०५ च्या वाटेवर दुसऱ्या पायरीला हाच आकडा आला होता. जन्माचं वर्ष आणि मृत्यूचं वर्ष ८१७२ पाशी भेटतात आणि तिथून एकाच रस्त्याने ६१७४ ला जातात. यात गूढ काही नाही. उत्तरं ५४ च असली की वाटा मिळणारच. ज्योतिष सोडून गणिताकडे आलेल्या माणसाच्या बाबतीत तरी आपण यात संकेत शोधू नयेत.

नावाचा प्रश्न

एक गोष्ट मात्र मला बोचते. हर्षद संख्यांना पाश्चात्त्य पुस्तकांत बऱ्याचदा 'निव्हेन संख्या' म्हणतात, कारण आयव्हन निव्हेन या गणितज्ञाने १९७७ मध्ये एका परिषदेत त्यांचा उल्लेख केला. स्वयंभू संख्यांना 'कोलंबियन संख्या' असंही नाव आहे, कारण १९७० च्या दशकात कोलंबियातल्या एका गणितज्ञाने हाच प्रश्न एका अमेरिकन नियतकालिकात मांडला. यात कुणी चोरी केली असं नाही. देवळालीत छापलेली पुस्तिका तिकडे पोचलीच नव्हती, एवढंच. शोध किती चांगला आहे यावर नाव ठरत नाही; तो कुठे छापला गेला यावरही ठरतं. आज गिटहबवर कोड टाकणाऱ्या आपल्यालाही हे नवीन नाही.

तेव्हा पुढच्या वेळी प्रोग्रॅममध्ये हे फंक्शन लिहिताना नाव द्यायची वेळ आली, तर 'निव्हेन' ऐवजी 'हर्षद' लिहायला काही जास्त लागत नाही. आणि आज घरी गेल्यावर एक करून बघा: तुमचा पिनकोड घ्या. हर्षद आहे का तपासा. त्याचा जनक शोधा. सहा अंकांची बेरीज जास्तीत जास्त ५४ होते, त्यामुळे मागचे ५४ आकडे बघितले की पुरे. जनक नाही सापडला, तर तुमचा पत्ता स्वयंभू आहे. लहान भावंडं किंवा मुलं जवळ असतील तर लॅपटॉप उघडू नका, कागद घ्या. कापरेकरांना तेवढंच लागलं होतं.